दोन टेकू

बरंकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. शिवणाच्या दुकानात कुणीही येवो, काहीही सांगो, ते मान हलवून "बरं" म्हणत. परवा हवंय? बरं. कापड थोडं कमी आहे? बरं. एका गिऱ्हाइकाने तर शर्ट घरीच बेतून, कापून आणला होता. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. तरी बरं. मग आठवडाभर त्याला जोड लावत बसले.

"भीड भिकेची बहीण," काकू म्हणत. काकू काजं-बटणं करीत. दुकानात कुणाला नाही म्हणायचं असलं, तर ते कामही त्यांच्याकडेच असे.

बरंकाकांच्या थोरल्या ताईच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, शिडाची होडी किनाऱ्यालगतच्या यार्डात जमिनीवर उभी होती. दाजींनी नुसतं कवच विकत घेतलं आणि कित्येक वर्षं खपून त्याची होडी केली. येईल त्याला ते घासून गुळगुळीत केलेल्या उजव्या बाजूवर हात फिरवायला लावत. "काच आहे, काच," म्हणत. गेल्या वर्षी मुलीला बाळ झालं. ताई आणि दाजी तिच्याकडे दूरच्या शहरात गेले. जाताना दाजी म्हणाले, "लक्ष ठेव हो." बरंकाका म्हणाले, "बरं."

होडी सहा लोखंडी टेकूंवर उभी होती. तीन या बाजूने, तीन त्या बाजूने. दाजी गेले आणि महिन्याभरात गावात गाणं शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या वडिलांची होडी यार्डात आणली. वडील नुकतेच वारले होते. बाईंना होडीतलं काही कळत नव्हतं, पण विकवत नव्हती. टेकू कमी पडत होते.

यार्डातला क्रेनवाला बरंकाकांकडे आला. "मधले दोन देता का? तुमची चारांवरही उभी राहते. तिला कुठे नाचायचंय?"

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर नाही म्हणणं बरंकाकांना जमण्यातलं नव्हतं.

दाजींना सांगायचं राहून गेलं. आधी राहून गेलं आणि मग सांगायला उशीर झाला. दाजी फोनवर दर वेळी विचारत, "टेकू पाहिलेस का?" बरंकाका म्हणत, "पाहिले." ते खोटं नव्हतं. ते यार्डात जात, चार टेकू पाहत, मग बाईंच्या होडीपाशी जाऊन उरलेले दोन पाहत. सहा भरले की घरी येत.

आणि वादळाची बातमी आली. उद्या संध्याकाळी किनाऱ्यावर धडकणार.

सकाळीच नवरा-बायको यार्डात पोचले. सगळीकडे शिड्या लागल्या होत्या. बरंकाकांनी वर चढून शिडं सोडवली, काकूंनी खाली उभं राहून चादरीसारख्या घड्या घातल्या. वरची ताडपत्री बरंकाकांनी स्वतः मापाने शिवली होती. ती वाऱ्याने फुगली तर होडीलाच घेऊन जाईल, म्हणून तीही काढली. तळाचं भोक पानांनी बुजलं होतं, ते काकूंनी विणायच्या सुईने मोकळं केलं. पावसाचं पाणी आत साठलं तर वजनानेच होडी बसायची.

तेवढ्यात दाजींचा फोन.

"टेकूंखाली फळ्या टाकल्यास का? माती ओली झाली की रुततात."

"टाकल्या."

"समोरासमोरचे टेकू साखळीने जोड. नाहीतर फाकतील. तिन्ही जोड्या."

बरंकाकांच्या हातात दोन साखळ्या होत्या. तिसरी पिशवीतच पडली होती.

"जोडतो," ते म्हणाले.

"मधली जोडी नीट आवळ. सगळा भार तिच्यावर असतो."

"बरं."

फोन ठेवला तेव्हा काकू त्यांच्याकडे बघत होत्या. "सांगितलं नाहीत."

"आता सांगून काय करणार? तिथून येणार आहेत का?"

"मग बाईंकडे मागा. आपलेच आहेत."

क्रेनवाल्यानेही होडीभोवती एक चक्कर मारली आणि चार टेकूंकडे पाहून जीभ चावली. "या वाऱ्याला चार नाही पुरायचे, काका. आणि यार्डात आता एकही मोकळा नाही. मीच तेव्हा बोललो, पण तेव्हा वादळ कुठे होतं."

बरंकाका बाईंच्या होडीकडे गेले. बाई एकट्याच फळ्या सरकवत होत्या. केस डोळ्यांवर आले होते. त्यांना पाहून हसल्या.

"तुमच्यामुळे उभी आहे हो ही. बाबांना मी रोज सांगते."

रोज सांगते म्हणजे कुठे, हे बरंकाकांनी विचारलं नाही.

"बाई, ते टेकू..."

बाईंच्या लगेच ध्यानात आलं. चेहरा उतरला, पण क्षणभरच. "अरे हो. घ्या ना, तुमचेच आहेत. मी बघते काहीतरी. लाकडी ओंडके मिळतील कुठे?" आणि खरंच त्या इकडेतिकडे ओंडके शोधायला लागल्या.

"नाही, नाही," बरंकाका घाईने म्हणाले. "घट्ट आहेत ना, एवढंच विचारायचं होतं."

त्यांनी वाकून दोन्ही टेकूंचे स्क्रू स्वतःच्या हाताने आवळले. दाजींनी सांगितलं होतं तसे, नीट. तिसरी साखळीही तिथेच लावली.

परत आले तेव्हा काकूंनी रिकामे हात पाहिले. "शाबास. आता आपली होडी तुम्ही आणि मी खांद्यावर धरून उभे राहू."

क्रेनवाला म्हणाला, एकच उपाय आहे. डोलकाठी उतरवून घ्यायची आणि होडी जुन्या टायरांवर आडवी निजवायची. हिचा खालचा कणा आखूड आहे, निजेल. पडलेल्याला वारा काय पाडणार? फक्त खालची बाजू थोडी खराब होईल.

"मालकांना विचारलंत?"

"विचारलं," बरंकाका म्हणाले.

काकूंनी मान वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्याला इतक्या सरळ आवाजात खोटं बोलताना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"कुठल्या अंगावर?"

बरंकाकांनी उजव्या बाजूवरून हात फिरवला. काच होती. त्यांनी हात मागे घेतला. "डाव्या."

डोलकाठी उतरली, क्रेनचे पट्टे लागले, होडी उचलली गेली आणि हळूहळू कलली. टायरांवर टेकताना वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. क्रेनवाला म्हणाला, "बसतेय जागेवर." कापड टरकलं की शिंप्याला न बघताही कळतं.

संध्याकाळी वादळ आलंच नाही. समुद्रातच वळलं. जोराचा पाऊस पडला, दोन-चार पत्रे उडाले, वीज गेली. बरंकाका शिवणयंत्रापुढे हातावर हात ठेवून बसून राहिले. वादळ यावं असं त्यांना एकदा वाटून गेलं. पाठोपाठ त्याचीच लाज वाटली. गावावर वादळ मागत होते ते, कशासाठी, तर आपलं चुकलेलं बरोबर ठरावं म्हणून.

सकाळी यार्डात सगळ्या होड्या आपापल्या टेकूंवर ताठ उभ्या होत्या. एकटी दाजींची तेवढी आजारी गाईसारखी पडली होती. क्रेनवाल्याने ती जरा उचलून दाखवली. डाव्या बाजूला हातभर तडा गेला होता. बाई लांबून हात हलवत होत्या. बरंकाकांनीही हलवला.

फोन वाजला.

"वळलं म्हणे," दाजी म्हणाले. आवाज मोकळा होता. मागे बाळ रडत होतं. "वाचलो. उभी आहे ना?"

काकूंनी फोनसाठी हात पुढे केला. नाही म्हणायचं काम त्यांचंच. बरंकाकांनी फोन दिला नाही.

"आडवी आहे," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं. टेकू, बाई, वर्षभर पाहिलेले सहा, टायर, तडा.

"कुठली बाजू?" दाजींनी विचारलं.

"डावी. तुमची उजवी बाजू वाचवली, दाजी. काच तशीच आहे."

पलीकडे बाळ अजून रडत होतं.

"डावी तुझ्या ताईने घासली होती," दाजी म्हणाले. "पहिल्या वर्षी. तिचे हात सोलून निघाले होते. उजवीवर काय, मी नंतर नुसते हात फिरवले." त्यांनी श्वास घेतला. "मी नाही तिला सांगणार. हे तूच सांग."

"दाजी, आत्ता..."

पण फोन हातातून हातात गेला होता.

"काय रे?" ताईचा आवाज आला. बाळाला थोपटत असावी, शब्दांत हेलकावा होता. "जेवलास का काल तरी? सगळी धावपळ तुझ्यावर पडली. होडी कशी आहे?"

बरंकाका तड्यापाशी खाली बसले. तड्याच्या कडेने बोट फिरवलं. ही बाजूसुद्धा काचच होती. आजवर कुणी त्यांना इकडे हात लावायला सांगितलं नव्हतं, एवढंच.

"ताई," ते म्हणाले, "बाळाला जरा खाली ठेव."