रद्द झालेल्या कॉलची चिठ्ठी

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांतली ती फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. पेडगावकडच्या एका खेड्यात दिवेलागणीला पाटलांची कडब्याची गंज जळाली. सकाळी खबऱ्याने दलित वस्तीतल्या एका तरुणाचे नाव दिले. तो मोर्चात पुढे असायचा, एवढ्यावर गावाची खात्री पटली होती. मी त्याला ताब्यात घेतले.

जबाबात तो एकच सांगत राहिला. "साहेब, मी त्या वक्ताला तालुक्याला टेलिफोन ऑफिसात होतो. माय लय बीमार हाय. भाऊ औरंगाबादला होस्टेलात. त्याला बोलवायचं होतं. लाईन लागलीच न्हाई."

"माय बीमार, अन् ह्यो मोर्चे काढायलाय!" जमादार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभे करायचे होते. आरोप टिकला तर तो तुरुंगात आणि आई एकटी.

मी टेलिफोन ऑफिस गाठले. तिथे परगावी लावायच्या ट्रंक कॉलच्या प्रत्येक मागणीची चिठ्ठी होई: मागणारा कोण, नंबर कोणता, वेळ काय, लागला की रद्द. लागलेल्या कॉलच्या चिठ्ठ्या बिलासाठी वेगळ्या काढत, रद्द झालेल्या तारेत ओवून ठेवत. त्याचे नाव दोन्हीकडे नव्हते.

आमच्या घरात शिकलेला मी पहिला. त्यामुळे कागद एकदा पाहून माझे समाधान होत नसे. नाव सोडून मी त्याने सांगितलेला होस्टेलचा नंबर शोधू लागलो. रद्द चिठ्ठ्यांत तो सापडला. रद्द केल्याची वेळ गंज पेटली तीच. मागणाऱ्याचे नाव मात्र फिर्यादी पाटलांचे!

पाटील वैतागले. "मी कशाला जातो तिकडं? मी गंज विझवायलो होतो की! हात बघा माजे, कसे भाजलेत."

मी चिठ्ठी कोठडीतल्या तरुणापुढे धरली.

"पाटलाचं नाव सांगितलं की लाईन लवकर देतेत, साहेब. माजं आडनाव ऐकलं की, बस तिकडं, म्हणतेत."

"मग आधी का बोलला नाहीस?"

"गंजीचा आळ हायच. वर खोटं नाव सांगितल्याचा आला असता."

टेलिफोनच्या कारकुनाने ठाण्यात येऊन त्याला ओळखले. "हाच. दुपारपासून अंधार पडेस्तोवर बाकावर होता. मला वाटलं, पाटलाचा गडी हाय."

गंज कशाने पेटली ते अखेरपर्यंत कळले नाही. पण पुढे कुठलीही नोंद तपासताना, माणसाला काय मिळाले एवढ्यावर मी थांबलो नाही. त्याने काय मागितले होते, आणि ते मागायला त्याला कोण व्हावे लागले, हेही पाहत गेलो.

त्याला सोडताना मी ठाण्याच्या फोनवरून होस्टेलचा कॉल मागितला. ऑपरेटरने मागणाऱ्याचे नाव विचारले. मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि आडनावासकट आपले पूर्ण नाव सांगितले.