तिखट दवाई

मी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवते, मृतदेह टिकवायचं कामही आमच्याकडेच. हे कळलं की लोक आधी दोन पावलं मागे सरकतात आणि मग हळूच म्हणतात, "एखादा किस्सा सांगा ना!" किस्से साठणारच हो. आमच्या खात्यात काही कुजतच नाही!

*

देह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा वास साबणाला दाद देत नाही. हिंगोलीहून औंढ्याच्या एसटीत बसले की शेजारची बाई पदर नाकाला लावते आणि थोड्या वेळाने जागा बदलते. मला मात्र खिडकी मिळते!

*

त्या वासाने डोळ्यांतून धारा लागतात. शिरड शहापूरच्या एका मुलाने पहिल्याच दिवशी घरी व्हिडिओ कॉल लावला, डोळे लालभडक. आई ओरडली, "कुनी मारलं रं तुला?"

*

जवळा बाजारचे एक निवृत्त गुरुजी देहदानाची चौकशी करायला आले आणि आमचीच परीक्षा घेऊ लागले.

"लोणच्यावाणी मुरवता का?"

"नाही गुरुजी. मीठ पाणी ओढून घेतं. फॉर्मॅलिन अंगातली प्रथिनं एकमेकांना बांधून टाकतं, मग जंतूंचं काही चालत नाही. नुसतं तेच दिलं तर अंग लाकडासारखं होतं, म्हणून सोबत ग्लिसरीन."

"आन् आत कसं घालता?"

"मांडीच्या रक्तवाहिनीतून. टाकी उंचावर टांगली की द्रावण अंगभर उतरतं."

गुरुजी गंभीर झाले. "टाकी तर आमच्या गल्लीत बी हाय, पन पानी येत न्हाई. तुमच्या टाकीतून बराबर येतं ना?"

*

पुढच्या खेपेला त्यांनी बायकोला, गयाबाईंना आणलं. घरच्यांनी नाही म्हटलं तर आम्ही देह घेत नाही, आणि मावशी नाहीच म्हणत होत्या.

"जितेपणी ह्यान्ला शाळेलाच दिलं. आता मेल्यावर बी शाळेलाच? मंग माझ्या वाट्याला काय?"

गुरुजींनी समजूत काढली. "अगं, हितली दवाई तिखट हाय. पोरं रडतेत, मास्तर रडतेत. रडायला माणसं कमी न्हाई पडायची!"

"मंग मी न्हाई रडणार. सांगून ठेवते."

मावशी तरातरा निघून गेल्या. गुरुजी दारातून वळून म्हणाले, "मॅडम, माझी जागा धरून ठेवा!" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

*

या उन्हाळ्यात सकाळी एक जीप फाटकाशी थांबली. मागे गुरुजी, झेंडूच्या हारात. पुढे ड्रायव्हरशेजारी गयाबाई. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "सही कुठं करू?"

सही झाली, गुरुजींना आत नेलं. आम्ही दोघी फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली उभ्या राहिलो. मावशींचे डोळे कोरडे होते.

"टाकीतून बराबर येतं ना? त्यान्ला लई काळजी होती."

"येतं मावशी."

त्यांनी मान हलवली. मग पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"लईच तिखट हाय बाई तुमची दवाई."

फॉर्मॅलिनचा नवा कॅन पायरीवर होता. त्याचं सील अजून फोडायचं होतं.

"हो मावशी," मी म्हटलं, "फारच तिखट आहे."