दसरा काढायला माहेरची माणसं

घर साफ करणारी माणसं ठरवताना मी त्यांना गाव विचारलं. ऐकायला किती साधं वाटतं! पण त्या एका प्रश्नापायी मी कायमची पुण्याला जाता जाता राहिले. आता मला सगळं कळतं, तेव्हा मी लहान होते. अडुसष्ट म्हणजे काही वय नव्हे. त्या वयात बाईला उगीचच वाटत असतं, की आपल्याला माणसं ओळखता येतात.

आमच्या कराड-मलकापूरकडं नवरात्राचे घट बसायच्या आधी ‘दसरा काढतात’. म्हणजे घर मोकळं करायचं. माळ्यावरचे हंडे, फडताळातले डबे, गाद्या, वाकळा, सगळं अंगणात. वर्षभर ज्या वस्तूला कुणी हात लावला नाही, तिलासुद्धा धुवायचं, आणि परत जिथल्या तिथं ठेवायचं, पुढच्या वर्षापर्यंत कुणी हात लावू नये म्हणून. आदल्या वर्षी हाच दसरा काढताना मी स्टुलावरून पडले आणि मनगट मोडून घेतलं. मनगट जुळलं. पण एरवी कशावर एकमत न होणारे माझा मुलगा आणि सून त्या दिवसापासून जे एक झाले, ते झालेच.

“आई, यंदा दसरा बाहेरची माणसं काढतील,” सून पुण्याहून फोनवर म्हणाली. “चांगली खात्रीची बघा. तुम्ही स्टुलावर चढलात असं कळलं, तर घराला कुलूप आणि तुम्ही इकडं. कायमच्या.”

मागून मुलाचा आवाज आला, “फायनल.” हा लहानपणी माझ्या धाकानं न्हाणीत लपायचा.

पुण्यात मला काही त्रास आहे असं नाही. सून गुणाची आहे. तिथं चहा मागावा लागत नाही, आपोआप समोर येतो. पण नेमकं तेच दुखणं आहे. तिथं मी पाहुणी. इथं सकाळी मी कडी काढते ती माझ्या दाराची. हे जाऊन तेरा वर्षं झाली, तरी या घरात मला एकटं वाटलेलं नाही, कारण घरच भांडत असतं माझ्याशी. आज नळ, उद्या कौल. ते सोडून मी कुठं जाऊ?

सुनेनं काय विचारायचं ते पढवून ठेवलं होतं. किती जण येणार, काय काय करणार, सामान कुणाचं, काही फुटलं तर भरून कोण देणार, आणि आधी ज्यांच्याकडं काम केलंय अशा दोन घरांचे नंबर मागायचे.

“बाकी काही बोलू नका,” ती म्हणाली.

“बाकी म्हणजे काय?”

“बाकी म्हणजे बाकीचं सगळं, आई.”

पहिल्या फोनवर एक गडबडीतला माणूस होता. “मॅडम, घराचे फोटो पाठवा व्हॉट्सअॅपवर.” आता परक्या माणसाला फोटो पाठवायचा म्हणजे घर आवरायला नको? मी दोन दिवस आवरलं, पुसलं, पडद्यांना इस्त्री केली आणि फोटो पाठवले. त्यानं उलट विचारलं, “मॅडम, यात साफ काय करायचंय?”

दुसरा स्वतः घर बघायला आला. माळ्यावरचे माझे पितळी हंडे बघून म्हणाला, “हे भंगारात घाला, मावशी, निम्मी सफाई तिथंच होईल.” त्याला मी पाणी दिलं. चहा दिला नाही.

तिसरा फोन एका बाईनं उचलला. “बोला मावशी, कुठनं बोलताय?”

आवाज ऐकूनच माझे कान टवकारले. ते ‘कुठनं’ ओळखीचं होतं. “मलकापुरातनं. तू कुठली गं?”

“ऑफिस कराडात हाय आमचं.”

“ऑफिस नव्हं. गाव कुठलं?”

“सासर हितलंच. माहेर कडेगावच्या बाजूला.” आणि तिनं गावाचं नाव घेतलं.

“देवळामागली गल्ली का?”

“व्हय! तुमाला कसं ठावं?”

“अगं, मी त्याच गल्लीतली!”

“आवं, मग मावशी कसल्या, तुमी तर आत्या झाला की माज्या!”

झालं. सुनेनं पढवलेले सगळे प्रश्न कृष्णामाईत वाहून गेले. आम्ही गावातल्या विहिरीवर बोललो, चिंचेवर बोललो, कुणाची म्हातारी अजून आहे आणि कुणाची गेली ते बोललो. दोन घरांचे नंबर मागायचे राहिले. राहिले कसले, मागितलेच नाहीत. माहेरच्या पोरीला खात्री मागायची म्हणजे आपल्याच बापाला दाखला मागण्यासारखं.

संध्याकाळी सुनेचा फोन. “विचारलंत सगळं?”

“सगळं.”

“मग काय म्हणाले?”

“लय चांगली माणसं आहेत. घराणं माहितीतलं.”

“आई, मी सफाईचं विचारतेय. सोयरीक जुळवताय का तुम्ही?”

ठरल्या दिवशी तिघी अगदी वेळेवर आल्या. पुढं माझी ती भाची, मागं दोन पोरी. साडीवर निळे कोट, हातात धूळ ओढायचं मशीन, बादल्या, ब्रश आणि पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, आमची फरशी खराब होऊ नये म्हणून. मी काय केलं? त्या पिशव्या काढायला लावल्या आणि पाय धुवायला पाणी दिलं.

“आत्या, आधी काम उरकू,” भाची म्हणाली.

“उरकंल गं. चहा घ्या.”

चहाबरोबर पोहे आले. पोह्यांनंतर मी पुरण शिजायला घातलं. आता तुम्ही म्हणाल, ही बाई काय वेडी आहे का? वेडी नाही, पण एक गाठ बसलेली आहे मनात. नवी नवरी असताना माझा भाऊ मला न्यायला आला होता, नेमका दसरा काढायच्या दिवसांत. सासूबाईंनी त्याला पाणी विचारायच्या आधी माळ्यावरचा हंडा उतरवायला लावला. त्यानं उतरवला. पण माहेरी ती गोष्ट पुढं कित्येक वर्षं निघायची, ‘पाव्हण्याला हंडा उचलायला लावला.’ तेव्हापासून मी मनाशी धरलं होतं, की माझ्या हातात घर आलं की माहेरच्या माणसाला मी काडी उचलू देणार नाही.

दिली नाहीच! भाचीनं पंखा पुसायला शिडी लावली, तर मी शिडी धरून उभी. “उतर खाली. मला पाप लावशील.” एका पोरीनं हंडा घासायला घेतला, तो मी हातातनं काढून घेतला. दुसरी न्हाणी धुवायला निघाली, तिला मी पाटावर बसवून आमच्या गल्लीत कुणाकुणाच्या घरी कशी भाकरी व्हायची ते सांगितलं. बिचारी ऐकत होती. दुपारी तिघींना पाटावर बसवून पोळी, कटाची आमटी, वर तूप वाढलं. आणि त्या जेवतायत तोवर म्हटलं, फळीवरची धूळ तेवढी झटकून घ्यावी. म्हणून मी स्टुलावर चढले.

नेमका तेव्हाच फोन वाजला. पाटावरच्या पोरीनं, मला मदत म्हणून, तो उचलला आणि फोनचं तोंड माझ्याकडं केलं. व्हिडिओ कॉल. सुनेला पुण्यात बसून काय दिसलं? निळ्या कोटातल्या तिघी तुपाच्या धारेसह पुरणपोळी खातायत, आणि मागं सासू स्टुलावर, पदर खोचून, हातात झाडणी.

मी म्हटलं, “जेवायला ये की तू पण.”

“आई, खाली उतरा.” आवाज अगदी शांत. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “रविवारी आम्ही गाडी घेऊन येतो. सामान भरून ठेवा.”

फोन बंद झाला. मी उतरले आणि स्टुलावरच बसले. समोर मीच काढून ठेवलेलं निम्मं घर अंगणात पसरलेलं, निम्मं आत.

भाचीनं हात धुतले, सगळं काय ते विचारून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, धीर देईल. कसला धीर!

“आत्या, मी पावनी म्हणून आले व्हते व्हय? काम झालं न्हाई तर तुमी पुन्याला जाल, आन् माजं नाव मलकापुरात खराब हुईल. ह्या पोरींनी मग दुसरी घरं कुठनं आनायची? माहेरचं माणूस म्हनता, आन् त्याचंच नुकसान करता?”

मी हातातली झाडणी स्टुलाखाली सरकवली.

“उद्या म्हसवडच्या बायका पाठवते,” ती म्हणाली. “त्यांचं तुमचं काय लागत न्हाई.”

“म्हसवड?” मी उठून उभी राहिले. “अगं, तिथला सिद्धनाथ आमचं कुलदैवत! त्यांना कसं मी...”

तिनं कपाळावर हात मारला. “मग मीच येते. आन् तुमीच घराभाईर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला खरंच बाहेर काढलं. हाताला धरून शेजारच्या जैन काकूंच्या ओट्यावर नेऊन बसवलं, आणि काकूंना सांगितलं, “हिकडं येऊ देऊ नका.” काकूंना आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर अधिकार गाजवायची संधी मिळाली, ती त्यांनी नीट वापरली. दोनदा मी कुंपणापर्यंत गेले, दोनदा परत आणली गेले. “मिठाच्या बरणीखालचा कोपरा बघा गं!” असं ओरडले, तर माझ्याच स्वयंपाकघराची खिडकी माझ्या तोंडावर बंद झाली. मशीनचा आवाज येत होता, हंडे खणखणत होते, वाकळा दांडीवर चढत होत्या, आणि मी परक्या ओट्यावर शेवगा मोडत बसले होते. काकूंचं जेवण दिवस मावळायच्या आत असतं, मीही त्यांच्याबरोबर जेवले. दिवस मावळता मावळता भाची बोलवायला आली.

आत गेले. पंख्याच्या पात्यावर बोट फिरवलं, दाराच्या वरच्या चौकटीवर फिरवलं. बोट कोरडं. माळ्यावरचे हंडे असे चमकत होते, की मला माझे दात दिसले, आणि ते त्या दिवशी बरे दिसले. चूक काढायचीच म्हणून मी म्हटलं, “जिऱ्याच्या जागी मोहरी ठेवलीस.”

“तेवढी राहू द्या, आत्या,” ती म्हणाली. “तुमाला बदलायला कायतरी पायजे की.”

मग तिनंच माझा फोन घेतला आणि पुण्याला लावला. सुनेला एकेक खोली, पंखा, न्हाणी, माळा फिरवून दाखवला. मी मागून मान खाली घालून चालत होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी. ओट्यावर दिवसभर बसल्याचीही साक्ष काकूंनी कुंपणावरून मोठ्यानं दिली. मागून मुलगा काही म्हणाला, ‘फायनल’ नव्हतं ते. शेवटी सून फोन माझ्याकडं फिरवायला सांगून म्हणाली:

“आई, राहा तिथंच. पण पुढच्या वर्षी फोन मी लावणार, आणि तुम्ही त्यांच्याशी जेवणाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही. नाही नाही, जेवणाचंसुद्धा बोलायचं नाही.”