"थोडे जंत हायत" असं सांगून मला दिलेला कुत्रा

गेल्या मंगळवारी, सकाळी बरोबर सव्वाअकरा वाजता, परभणीतल्या जनावरांच्या एका दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी बसून घ्या." आजारी कुत्रा होता, मी नव्हे... काहीतरी वाईट आहे हे तेव्हाच कळलं.

टायगरला माझ्या घरी येऊन महिनाही झालेला नाही. बँकेतून रिटायर झाल्यापासून मी सेलूत एकटी राहते. "आई, सोबतीला कुत्रा पाळ" हे पालुपद मुलीने इतके दिवस लावलं होतं की शेवटी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका ग्रुपकडून मी हा आणला. बोरीच्या रस्त्यावर सापडलेला, तांबूस, एक कान पडलेला. टायगर हे नाव त्यांनीच ठेवलेलं... आवाज शेळीचा आहे, तो भाग वेगळा.

पट्टा माझ्या हातात देताना ग्रुपचे प्रमुख म्हणाले, "थोडे जंत हायत मॅडम, इंजेक्शन मारलंय. जरा सुस्त हाय, रोज पळवा त्याला. बाकी एकदम ओके."

आता मला सांगा, जंत म्हटल्यावर तुमचा हात कुठे जातो? पोटावरच ना? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रांगेत उभं करून गोळी गिळायला लावायच्या, घरी आई वावडिंगाचा काढा पाजायची... विषय संपला. मीही डॉक्टरांकडे न जाता वावडिंग आणलं.

आणि सांगितल्याप्रमाणे पळवलं. रोज सकाळी, शाळेच्या मैदानाभोवती. तो मध्येच खाली बसायचा, खोकायचा, माझ्याकडे बघायचा... मी पट्टा ओढून म्हणायचे, "ऊठ, आळशी कुठला!" आणि तो बिचारा उठायचा.

खोकला थांबेना म्हणून परभणी गाठली. रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. जंत होतेच... पण पोटात नव्हते. हृदयात होते, आणि तिथून फुप्फुसात जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत. शेवयांसारखे बारीक, लांब, जिवंत. डास चावून होतो हा आजार, हार्टवर्म म्हणतात त्याला.

"रोज किती फिरवता?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, पळवते. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आजपासून एक पाऊलही पळवायचं नाही."

उपचार आहेत, पण ते लांबलचक आहेत आणि त्यांचीच जास्त भीती वाटते. औषधाने जंत मरायला लागले की त्यांचे तुकडे फुप्फुसात अडकू शकतात. त्यात कुत्रा धावला, उड्या मारल्या, जोरात भुंकला... तर तिथल्या तिथे संपेल. म्हणून काही महिने त्याने फक्त पडून राहायचं.

धावणं बंद करता येतं हो. पण मी दिसले की त्याला आनंद होतो, तो कसा बंद करू? नुसती फाटकाची कडी वाजली तरी त्याचं सगळं अंग हलायला लागतं. म्हणून मी आता स्वतःच्या घरात मागच्या दाराने, चप्पल हातात घेऊन शिरते. त्याला नावाने हाक मारत नाही. त्याच्याकडे बघतसुद्धा नाही... आणि तो मान तिरकी करून विचार करत बसतो की आपलं काय चुकलं.

जवळच्या मंगल कार्यालयात बँड वाजला की तो भुंकू नये म्हणून मी भराभर खिडक्या लावत सुटते. तो गाढ झोपला की छाती हलतेय का ते वाकून बघते. इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती.

शेजारच्या कमलबाई कुंपणावरून म्हणाल्या, "कुत्र्याला कुठं हार्टचा आजार असतो का, बाई! आता काय बायपास करायलाव का त्याची?" मी म्हटलं, "हो, आणि तुमच्या जिभेचंही त्याच दिवशी उरकून घेऊ." मग मागच्या दारी जाऊन रडले.

गुरुवारी ग्रुपच्या प्रमुखांना फोन लावला. सांगितलं का नाहीत म्हणून विचारलं. तर म्हणतात, "मॅडम, आमी सांगितलंच होतं की! जंत हायत म्हणून."

"हृदयात आहेत हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं ना. पण हार्टमधले म्हटलं की कुत्रं कुणी नेत न्हाई. म्हणून आमी निस्तं जंत म्हणतो. खोटं कुठं बोललो?"

खरंच, खोटं नव्हतंच ते... फक्त एक शब्द गाळला होता. तेवढ्या शब्दावाचून मी या मुक्या जिवाला त्याच्या मरणामागे पळवत होते.

आता मुद्द्याचं. ग्रुपने दिलेलं ते इंजेक्शन कोणतं होतं, हे डॉक्टरांना कळायलाच हवं आहे. शेळ्यामेंढ्यांना देतात तसलं जोरदार काही दिलं असेल, तर पुढचा डोस फार जपून ठरवावा लागेल. जंत एकदम मेले तर कुत्राही वाचणार नाही. मी फोनवर विचारलं, तर उत्तर मिळालं, "जंताचंच होतं."

म्हणून इथे, सगळ्यांसमोर विचारतेय. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, पण ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचणार आहे. औषधाचं नाव काय, किती दिलं, कोणत्या तारखेला दिलं, ते मला लेखी हवं आहे. आणि तुमच्या ग्रुपच्या शेडमधून ज्यांनी ज्यांनी कुत्रे नेले, त्या प्रत्येक घरी आजच फोन करून "हृदयात" हा शब्द स्पष्ट उच्चारून सांगा. तिथेही कुणीतरी रोज सकाळी पट्टा ओढत असेल.

मला "टेन्शन घेऊ नका" नको, हात जोडलेली चित्रंही नकोत. सोमवारी सकाळी डॉक्टर औषध सुरू करणार आहेत. तुमचं लेखी उत्तर रविवारी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.