नदी कोणी नासवली?

माझ्या चुलतसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या खान्देशात दुसरा झाला नसेल. हे मी सासुरवाडीच्या चार माणसांत म्हटलं तर सगळे माना डोलावतील, एकटे आबा तेवढे विचारतील, "अख्खा खान्देश तुम्ही कव्हय फिरनात, बापू?" आबा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले काका. तापीला जाऊन मिळणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठी त्यांचं गाव. मी तेव्हा अमळनेरला एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. म्हणजे असं मी सांगायचो. आबांना ते पटलेलं नव्हतं. सोयरीक ठरायच्या आधी एक दिवस ते न सांगता शाळेत आले, आठवी ब च्या शेवटच्या बाकावर धोतर सावरून बसले, आणि माझं तोंड फळ्याकडे वळताच शेजारच्या पोराला विचारलं, "हाऊ मास्तर रोज येस का आजच उना?" पोरगं चांगलं होतं, रोज येतात म्हणालं. नाहीतर मी अजून बिनलग्नाचा असतो.

आबा आमच्याकडे यायचे ते एसटीनं. गाडीवरची पाटी वाचायची, मग ड्रायव्हरला विचारायचं, मग कंडक्टरला. आणि हे दोघं एकमेकांना सामील असायचे, म्हणून शेवटी खिडकीशी बसलेल्या एखाद्या बाईला. अमळनेर आलं तरी लगेच उतरणं नाही. स्टँडवरच्या कोणाला तरी हाक मारून "हे अमयनेरच शे ना?" अशी खातरी करायची आणि मग पायरीवर पाय टाकायचा. घरात चहा पुढे केला की बशी तोंडापर्यंत नेऊन थांबायची. "दूध कोना घरनं शे?" आम्ही दूधवाल्याचं नाव सांगायचो. मग त्याच्या बापाचं नाव, मग त्याची म्हैस काय खाते. तोवर चहा गार व्हायचा, आणि गार चहाबद्दल निराळा संशय सुरू व्हायचा. हिवाळ्यात भरिताचा बेत केला, तर पाटावर बसण्याआधी आबा परसात चक्कर मारून यायचे. वांगी काड्यांच्या जाळावर भाजली, की आम्ही शहरात राहून बिघडलेल्यांनी गॅसवर उरकली, हे ते राख ढवळून बघायचे. काकू, म्हणजे आबांची बायको, पदर तोंडाला लावून हसायच्या. "मन्हं लगीन लागनं तैं बी यासनी आंतरपाट उचलीसन मले देखी लेयेल व्हतं," त्या सांगायच्या. "आनि मंग भटजीले ईचारं, हाईच शे ना?"

अशा माणसाचा जगात एका गोष्टीवर मात्र ठाम विश्वास होता, आणि ती म्हणजे कारखाना. नदीच्या वरच्या अंगाला पुठ्ठ्याचा एक कारखाना निघाला होता आणि आबांचा एकुलता एक मुलगा सुभाष तिथे कायम झाला होता. त्यासाठी आबांनी कोणाकोणाच्या ओट्यावर बसून दिवस काढले, कोणाकोणाला हात जोडले, ते त्यांनाच माहीत. ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी गावभर पेढे वाटले आणि स्वतः एक पेढा वास न घेता खाल्ला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता, पण कारखान्याचा भोंगा झाला की ते घड्याळ लावायचे. सुभाष तिथे काय काम करतो, असं कोणी विचारलं तर आबा सांगायचे, "पंपवर शे." अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरगं विमान चालवतंय.

आणि मग नदी नासली. आधी पाण्यावर फेस दिसायला लागला, मग रंग बदलला, मग ओल्या गोणपाटासारखा वास गावात शिरला. म्हशी पाण्याला तोंड लावून मागे सरायच्या. एका सकाळी मासे पोट वर करून काठाला लागले. अहो, कारण काय ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं! पण घरटी एक माणूस कारखान्यात होता, नाहीतर उद्या लागेल अशी आशा होती. म्हणून सगळे खालच्या आवाजात बोलायचे. मोठ्यानं बोलायचे ते एकटे आबा. "नदी कोनी नासाडी?" असं पारावर उभं राहून ते विचारायचे, आणि शोधाला निघायचे. कारखान्याची दिशा सोडून बाकी सगळ्या दिशांना.

पहिला संशय नदीच्या वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, आणि टरबुजाच्या वाड्या करणाऱ्यांवर. हे वेलांना औषध मारतात. आबा भर उन्हात छत्री घेऊन काठावर पहाऱ्याला बसले. वाडीवाल्यांनी बिचाऱ्यांनी त्यांना रोज एक डांगर कापून दिलं, आणि आबांनी ते आधी वाडीवाल्याला खायला लावून मग खाल्लं. वाड्या उठल्या, पाणी तसंच राहिलं. मग संशय आला ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या पावडरवर. मग सुनेच्या कपडे धुण्याच्या पावडरवर. ती घरात किती वापरते हे बघायला त्यांनी पुडा कुलपात ठेवला. एकदा ते सरबताच्या बाटलीत नदीचं पाणी भरून माझ्याकडे आले. मी शाळेतला निळा लिटमस आणून बुडवला. कागद लालभडक झाला. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हाऊ कागद कोठे बनस?" मी म्हटलं, कुठल्यातरी कारखान्यात. झाली का पंचाईत! कारखान्यात बनलेल्या वस्तूवर अविश्वास दाखवायचा कसा? बाटलीचं तोंड हुंगून आबा म्हणाले, "बाटलीच आंबट व्हई. सरबतनी शे."

मला राहवेना. आबा, नदीच्या वर दुसरं आहे तरी काय, असं मी म्हणायला लागलो, तर बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. आबा गेल्यावर म्हणाली, "तुम्ही गप्प बसत जा. त्यांना कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? तोंडानं एकदा म्हटलं, की सुभाषला रोज त्या दारातून आत पाठवायचं कसं त्यांनी?"

सगळ्यांत मोठा संशय राहिला तो त्यांच्या मेहुण्यावर. काकूंचं माहेर नदीच्या वरच्या बाजूचं, कारखाना आणि आबांचं गाव यांच्या मधलं. एका लग्नात आबांचा टोपी-उपरण्याचा मान चुकला होता, आणि तेव्हापासून मेहुण्यानं मुद्दाम नदी नासवायला घेतली, असं आबांनी ठरवून टाकलं. माणूस कुठवर जातो बघा! मला साक्षीला घेऊन ते सासुरवाडीला गेले आणि बाटली मेहुण्यापुढे ठेवली. मेहुण्यानं घरात जाऊन स्वतःच्या काठाच्या पाण्याचा तांब्या आणला आणि शेजारी ठेवला. रंग तोच, जरा गडदच. "भाऊ," मेहुणा म्हणाला, "मन्हा वर कोन शे ते तूच सांग आते." आबा उठले. पाहुणचार न घेता उठले. गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "तो पह्यलेपासून लबाड शे. रंग त्यानी घरमाच कालवा."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. काकूंना हापशीचं पाणी कधी चाललं नाही. लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणायच्या. नदीच्या वाळूत हातानं झिरा उकरायचा, पहिलं गढूळ उपसून टाकायचं, मग वाटीवाटीनं घागर भरायची, हे त्यांचं जन्मभराचं. नदी बिघडल्यावरही त्या काठापासून लांब, आणखी लांब झिरे उकरत राहिल्या. आबांनी दवाखान्यातल्या डॉक्टरवर संशय घेतला, इंजेक्शनवर घेतला, देवावरही घेतला. त्यांना अडवायला आता घरात कोणी हसणारं नव्हतं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला घरातल्या वारलेल्या माणसासाठी नवी घागर भरतात, तिच्यावर डांगर, आंबा, सांजोरी ठेवून पूजा करतात. वर्षभराची तहान त्या पाण्यावर भागते म्हणतात. आबांच्या घरची रीत अशी, की घागरीचं पाणी नदीचंच. काकूंची ही पहिलीच घागर. गावात सगळ्यांनी दोन वर्षांपासून हापशीचं पाणी घालायला सुरुवात केली होती, आबा ऐकेनात. ती दुसरं पाणी प्यायचीच नाही, म्हणाले. सकाळी आबा, सुभाष आणि मी नदीवर गेलो. आबांनी काठापासून लांब वाळू उकरली. झिऱ्यात पाणी आलं ते काळपट. उपसलं, पुन्हा काळपट. दुसरा झिरा उकरला, तिसरा उकरला. नखांत वाळू गेली, कोपरापर्यंत हात माखले. वास तोच. मग आबा तसेच गुडघ्यावर बसून सवयीनं सुरू झाले: हे वाडीवाल्यांनीच, ते मेले पुन्हा येतात, मी पाहिलंय.

"आबा," सुभाष म्हणाला, "कोनं नाव लेऊ नका." त्याच्या हातात ती कोरी घागर होती. "कारखानानं घान पानी नदीमा सोडानं चाक मीच फिरावस. रोज सकायले मीच. मन्ही माय आठे पानी भराले येस, हे मले म्हाईत व्हतं." त्याचा आवाज चढला, फुटला. "सोडी देऊ का नोकरी? सांगा, आबा. सोडी देऊ?"

आबांनी मान वर केली. मुलाकडे नाही, आधी काठावर पाहिलं, मागे पाहिलं, पलीकडच्या बाभळीकडे पाहिलं. "हळू बोल," ते म्हणाले. "कोनी आयकी."

घागर हापशीवर भरली. दांडा सुभाषनं मारला, घागर आबांनी धरली. दुपारी मेहुणा बहिणीच्या घागरीला नमस्कार करायला आला. पाणी नितळ पाहून त्यानं सहज विचारलं, कुठलं आणलंत? आबा म्हणाले, गुडघा दुखतोय, नदीपर्यंत जाणं झालं नाही. सुभाष उठून आत गेला.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा आबा मला स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी लागली होती. मी चढायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं. "बापू, तुम्ही शास्तर शिकाडतस," ते म्हणाले. "तिले कळनं व्हई का? पोऱ्याच ते पानी सोडस म्हनीसन?"

"नाही, आबा," मी म्हटलं. "काकूंना नाही कळलं."

हे मला कसं माहीत, कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारायला हवं होतं. मी थांबलो होतो. गाडी सुरू झाली तरी थांबलो. त्यांनी नुसती मान डोलावली आणि माझं मनगट सोडलं.