ऐंशीच्या पुढचा भुंगा

“म्हणजे मी खोटं बोलतेय? रोज ती गाडी मी चालवते, बाबा. काटा ऐंशीच्या पुढे गेला की घूं सुरू होते. तुम्ही चाकाचं बेअरिंग बदललंत, तरी होते. होती तश्शीच!”

“नवं आहे ते. रुळायला वेळ लागतो.”

“महिना होत आला.”

“तुझा संसार रुळायला वर्ष गेलं. बेअरिंगला महिना तरी दे.”

जावई पाण्याच्या ग्लासात हसला. लेक हसली नाही. तिने ताट पुढे सरकवलं.

“उद्या मी गाडी दुसरीकडे दाखवणार आहे.”

रविवारची दुपार होती, चौघं जेवायला बसली होती. मिस्त्रींचा घास हातातच राहिला. त्यांच्या पोरीने गाडी परक्या गॅरेजात न्यायची, म्हणजे सोनाराच्या बायकोने दागिने बाजारातून आणण्यासारखंच.

“त्या काचेच्या दुकानात ना? ने की. टाय लावलेला पोरगा कॉफी पाजेल, चारी चाकं बदलून देईल आणि घूं तेवढी तुझ्यासाठी राखून ठेवील.”

“भाजी घेता?” मिस्त्रीणबाईंनी डाव्या बाजूने विचारलं. मिस्त्रींनी मान वळवली नाही. भांडं तसंच हातात धरून त्या टेबलाला वळसा घालून उजवीकडे आल्या आणि पुन्हा विचारलं. “वाढ,” ते म्हणाले. हा वळसा त्या गेली दोन वर्षं घालत होत्या, आणि तो इतका अंगवळणी पडला होता की घरात कुणाच्या लक्षातही येत नव्हता.

मिस्त्रींना धंद्यातले लोक कानसेन म्हणायचे. हायवेवर गाडी घुमायला लागली की दहा जण दहा कारणं सांगतात. कुणी म्हणतं टायर झिजलं, कुणी म्हणतं गिअरबॉक्स. बेअरिंगची खूण अशी की गिअर काढून गाडी नुसती पळू दिली तरी आवाज राहतो, आणि रस्ता खडबडीत असो की गुळगुळीत, सूर बदलत नाही. पण कुठल्या चाकाचं? ते ओळखायला बाकीचे मिस्त्री मोकळ्या रस्त्यावर गाडी जराशी डावी-उजवी हलवतात. डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर दुखणं उजवीकडे, दबला तर डावीकडे. आमच्या मिस्त्रींनी ही युक्ती अनेकांना शिकवली, स्वतः मात्र कधी वापरली नाही. सरळ रस्त्याने एक चक्कर मारायची, मान किंचित कलती करायची आणि उतरता उतरता सांगून टाकायचं, “पुढचं डावं.” चाक उघडलं की तेच निघायचं. “ज्याला कान नाहीत त्याने कंबर हलवावी,” असं ते म्हणायचे आणि गिऱ्हाईक खूश होऊन दुसरं गिऱ्हाईक घेऊन यायचं.

दोन वर्षांपूर्वी सर्दी-तापातून उठले त्या सकाळी डावा कान गेला. दुखलाखुपला नाही, नुसता बंद झाला. मिस्त्रीणबाई डॉक्टरचं नाव काढून थकल्या. “कानसेनाने कानाच्या डॉक्टरच्या दारात बसायचं? अख्ख्या बाजाराला तमाशा! मळ आहे, निघेल.” मळ नव्हता, त्यामुळे निघाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बाईही गप्प बसल्या. एक कान तर धड होता.

एका कानाच्या माणसाला सगळे आवाज त्या कानाच्याच बाजूने येतात, हे बाईंना घरात हळूहळू कळलं. कुकर डावीकडे शिट्टी द्यायचा, नवरा उजवीकडे बघायचा. दारावरची बेल वाजली की खिडकीकडे जायचा. पहिल्यांदा बाईंना हसू आलं. मग एकदा भांडी घासताना मनात आलं की गाडीतही हे असंच होत असणार. पुढचा विचार त्यांनी भांड्यांबरोबर धुऊन टाकला. धंद्यात बायकांनी नाक खुपसू नये, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून सोयीने धरलं होतं.

“दुसरीकडे कशाला? आत्ता चल,” मिस्त्री हात धुऊन आले. “सगळेच चला. मी चालवतो. होऊन जाऊ दे.”

जावई पुढे बसला, मिस्त्रींच्या डावीकडे. मायलेकी मागे. गावातून जाताना गाडी शहाण्या मुलीसारखी गप्प होती. हायवे लागला, काटा साठ, सत्तर करत वर चढला आणि ऐंशीला तो आला. आधी पोटात आल्यासारखा, मग स्पष्ट. बंद खोलीत भुंगा अडकावा तसा एकसुरी, न थांबणारा.

“ऐका!” लेक म्हणाली.

मिस्त्रींनी मान कलती केली. “उजवंच. पुढचं उजवं. म्हणजे आपण टाकलेलं बेअरिंगच खोटं निघालं. दुकानदाराला उद्या धरतो.”

“बाबा, आवाज इकडून येतोय. ह्यांच्या पायाखालून.”

“माझ्या तर तळव्यांना मुंग्या येतायत,” जावई म्हणाला.

“तुमच्या मुंग्या तुमच्यापाशी. मी उजवं म्हणतोय ना?”

मिस्त्रीणबाईंच्या तळव्यांनाही ते कळत होतं. डाव्या बाजूचा तळ आतून थरथरत होता. लेक रोज ह्याच गाडीने, ह्याच रस्त्याने, ह्याच वेगाने जात होती.

“अहो,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “एकदा गाडी हलवून बघा ना.”

संसारात पहिल्यांदाच त्या धंद्यातलं काही बोलल्या होत्या. मिस्त्रींनी आरशातून मागे पाहिलं.

“मी? कंबर हलवू?”

“रस्ता मोकळा आहे. हलवा.”

आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी हलवली. उजवीकडे घेतली तसा भुंगा खवळला, खिडकीच्या काचेपर्यंत चढला. डावीकडे घेतली, तो विझल्यासारखा झाला. पुन्हा उजवीकडे, पुन्हा खवळला. ह्याचा अर्थ गाडीतल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती, त्यांना तर नव्हतीच. त्यांनी वेग उतरवला आणि गाडी कडेला घेतली.

जावयाने वाकून उजव्या चाकाच्या मध्याला हात लावला. “कोमट आहे.” डावीकडे गेला आणि बोट तोंडात घालून परत आला. मिस्त्रींनी जॅक लावला, डावं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. पडायला आलेल्या दातासारखं ते डुगडुगलं.

“कुठून ऐकू आला तुम्हाला आवाज?” लेकीने विचारलं.

“तिकडून,” त्यांनी उजवीकडे बोट केलं. खोटं बोलत नव्हते ते. त्यांना तिकडूनच आला होता.

लेक दोन पावलं सरकून त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभी राहिली.

“बाबा.”

ते चाकाकडे बघत होते.

“बाबा!”

त्यांनी उजवीकडे वळून रिकाम्या शेताकडे पाहिलं. “काय गं?”

लेक आईकडे वळली. “तुला माहीत होतं,” ती म्हणाली. मिस्त्रीणबाईंनी पदर सारखा केला. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकाबरोबर गाडी जॅकवर जराशी हलत होती.

घर जवळ होतं. तीसच्या वर काटा न नेता परत आले. गाव आल्यावर मिस्त्री म्हणाले, जणू रस्त्यालाच सांगत होते, “दूधव्हॅनचंही डावंच गेलं होतं.”

दूधव्हॅनवाला गेल्या थंडीत आला होता, हीच तक्रार घेऊन. मिस्त्रींनी त्याचं पुढचं उजवं बेअरिंग बदललं. तो आठवडाभर निर्धास्त पळाला आणि मग हायवेवर डावं चाक निखळून व्हॅन पुलाच्या कठड्यावर गेली. त्याचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. मिस्त्री फळं घेऊन दवाखान्यात गेले, तर तोच त्यांचा हात धरून म्हणाला, “तुम्ही उजवं वेळेवर केलंत म्हणून निदान जिवंत राहिलो. डावं माझ्या नशिबाचं.” त्याच रात्री घरी येऊन मिस्त्रींनी हे मोठ्या समाधानाने सांगितलं होतं. आता तो कोपऱ्यावरच्या दुकानात खुर्चीवर बसून असतो आणि मिस्त्रीणबाई दिसल्या की हात वर करतो. त्याही करतात. त्या रात्रीपासून त्यांना तो हात वर करताना जड जातो, पण केला नाही असं एकदाही झालेलं नाही.

घरी आल्यावर मिस्त्री बराच वेळ पाय पसरून खुर्चीत बसले. बाईंनी चहा टाकला. अर्धा कप पोटात गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

“असं करू,” ते म्हणाले. “हिला बरोबर नेत जाईन. डावीकडे बसवीन. डावं हिने सांगायचं, उजवं मी. लोक काय म्हणतील? म्हातारपणी मिस्त्रीला बायकोला फिरवायची हौस आली म्हणतील. म्हणू देत!”

स्वतःच हसले. जावई म्हणाला, “तशी वाईट नाही कल्पना. तळपाय सासूबाईंचे पक्के आहेत.” लेक आईकडे बघत होती, पण तिच्याही खांद्यांतला ताठपणा जरा उतरला होता. घरात कुणाला काही मोडायला नको होतं.

बाईंनाही क्षणभर ते दिसलं. उभा जन्म ज्या गाड्यांच्या ग्रीसचे कपडे उकळत्या पाण्यात घातले, त्या गाड्यांत आता पुढच्या सीटवर बसायचं. खिडकी खाली, नवरा विचारणार, “कुठलं गं?” आणि त्यांच्या शब्दावर चाक उघडणार. इतक्या वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदाच त्यांच्याकडे काही मागितलं होतं. त्या बसल्या, की झाकलेली मूठ पुन्हा झाकली जाणार होती. आणि त्या माणसाने कोपऱ्यावरून हात वर केला की त्याही पुन्हा करणार होत्या.

त्यांनी रिकामे कप गोळा केले, मोरीत ठेवले, हात पुसले आणि बाहेर आल्या.

“मी बसणार नाही,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून गॅरेज बंद. सकाळी दूधव्हॅनवाल्याकडे जायचं आणि डाव्या चाकात त्याचं नशीब नव्हतं, हे त्याला सांगायचं. तुम्ही येणार नसलात, तर मी एकटी जाईन.”