काळ थांबवणारे काका

काळ थांबवणं कोणाही मर्त्य माणसाच्या हातात नाही, असं म्हणतात. मुकुंदवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकांकडे मात्र त्याचा रिमोट होता. अँटेना वाऱ्यानं हलायचा, केबलवाला फोन उचलत नसे, डिशच्या छत्रीत कबुतरं बसायची. म्हणून त्यांनी शेवटी रेकॉर्डरवाला डबा घेतला. चालू कार्यक्रम थांबवून दाखवायला ते येणाऱ्याजाणाऱ्याला घरात ओढत. "बघा, थांबला का नाय?" असं विचारताना ते पडद्याकडे नव्हे, आमच्या तोंडाकडे बघत. काकू म्हणायच्या, "त्या बटणानं माझा सैपाकबी थांबवा की जरा."

अंतिम सामन्याच्या दिवशी अख्खी गल्ली त्यांच्याकडे बसली होती. शेवटचं षटक सुरू झालं आणि बाहेर टँकरचा भोंगा वाजला. दुष्काळाचं साल, टँकर चुकला तर आठवडा कोरडा. काकांनी उभं राहून बटण दाबलं. उडी घेतलेला गोलंदाज हवेतच राहिला. "जा समदे, पाणी भरा! माझ्याबिगर मॅच पुढं सरकत नसती."

आम्ही हंडे घेऊन रांगेत असताना पलीकडच्या कॉलनीत फटाक्यांची माळ लागली. "जिंकलो रं!" काका ओरडले आणि टँकरवर चढून नाचले. हंड्यांवर ताल धरला गेला, काकूंनी साखर वाटली. मग ओल्या कपड्यांनी सगळे परत येऊन बसलो आणि काकांनी मोठ्या रुबाबात गोलंदाजाला खाली सोडलं.

सामना आपण हरलो. फटाके पलीकडच्या कॉलनीत नळाला पाणी आलं म्हणून होते.